संडासला रक्त पडलं म्हणजे मूळव्याधच असं नाही. आतड्यातले जंतू, जुनी सूज आणि कॅन्सर यांचं नातं समजून घ्या

संडासला रक्त पडलं की गावाकडं पहिला शब्द निघतो तो मूळव्याधीचा. मग तिखट बंद होतं, ताक-सुरण सुरू होतं, कुणीतरी सांगितलेलं चूर्ण आणलं जातं. बऱ्याच वेळा ती खरंच मूळव्याध असते. पण काही जणांच्या बाबतीत चूर्ण बदलण्यात वर्ष-दीड वर्ष निघून जातं, वजन उतरतं, अंगातलं रक्त कमी होतं आणि शेवटी तपासणीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघतो.

हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आतड्यातले जंतू, तिथं वर्षानुवर्षं धुमसणारी सूज आणि रोजचं खाणं यांचा त्यात हात असतो. पहिल्या बिघाडापासून कॅन्सर होईपर्यंत बहुतेकदा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. म्हणजे त्याला अडवायला वेळ मिळतो. तो वेळ वाया का जातो आणि कसा वापरता येईल, ते पाहू.

थोडक्यात

- आतड्यातले बहुतेक जंतू उपयोगाचे असतात. काही मोजके जंतू आणि जुनी सूज एकत्र आली की धोका वाढतो.
- चोथा असलेलं अन्न चांगल्या जंतूंना पोसतं.
- दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ रक्त पडत असेल, तर मूळव्याध आधीपासून असली तरी तपासणी करून घ्यावी.
- लवकर सापडला तर हा कॅन्सर बरा होऊ शकतो.

आतड्यात काय चाललेलं असतं?

माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं आणि मोठं आतडं साधारण दीड मीटर. अन्नातलं बरंचसं सत्त्व लहान आतडं शोषून घेतं. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात उतरतो. तिथं हवा नसते, पण ऊब असते आणि ओल असते. गोबरगॅसच्या टाकीत शेण कुजवणारे जंतू जसे हवेशिवाय काम करतात, तसेच जंतू इथंही राबत असतात.

शास्त्रज्ञांच्या हिशोबानुसार ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे अंगात आपल्यापेक्षा पाहुणेच जास्त. या सगळ्या जंतूंचं वजन मात्र पाव किलोच्या आत भरतं. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

कॅन्सरही लहान आतड्यापेक्षा मोठ्या आतड्यातच कितीतरी जास्त होतो. लहान आतडं चौपट लांब असूनही असं घडतं. मोठ्या आतड्यातली जंतूंची ही गर्दी त्यामागचं एक कारण मानलं जातं.

चांगले जंतू कोणतं काम करतात?

भाकरीतला कोंडा, डाळीची सालं, पालेभाजीचा चोथा माणसाला पचवता येत नाही. जंतू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हेच मुख्य खाद्य आहे. ब्युटिरेट भरपूर मिळालं की अस्तर मजबूत राहतं आणि सूज आटोक्यात राहते.

अस्तरावर बुळबुळीत पदार्थाचा थर असतो. भिंतीला लिंपण असावं तसा. या थरामुळं जंतू पेशींपासून लांब राहतात. चोथा मिळाला नाही तर काही जंतू हे लिंपणच खायला लागतात. थर पातळ झाला की जंतू थेट भिंतीला भिडतात आणि शरीर त्यांच्याशी लढायला उठतं. त्या लढाईलाच सूज किंवा दाह म्हणतात.

सूज औषध कधी आणि आजार कधी?

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं जंतू मारत असतात. काम झालं की सूज उतरते. ही सूज चांगली.

पण बैलाच्या मानेवर जू रोज त्याच जागी घासत राहिलं तर खांदेसूज भरून येत नाही. आतड्यातली जुनी सूज तशीच असते. पांढऱ्या पेशी जंतू मारायला जे तिखट रसायन सोडतात, त्याचा मारा आपल्याच पेशींवर होतो. पेशींच्या आतला जनुकांचा आराखडा त्यामुळं बिघडू शकतो. त्यात मेलेल्या पेशींची जागा भरायला नव्या पेशी घाईनं तयार होतात. आतड्याचं अस्तर एरवीही चार-पाच दिवसांत नवं होत असतं. सूज असेल तर ही घाई आणखी वाढते. जितक्या वेळा आराखड्याची नक्कल होते, तितकी चूक राहून जाण्याची शक्यता जास्त.

सूज आणि कॅन्सर यांचा संबंध नवा नाही. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरशॉ यांनी १८६३ मध्येच कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात याकडं लक्ष वेधलं होतं. पुढं जठराच्या बाबतीत याचा पक्का पुरावा मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला. त्याच्यामुळं जठराला जुनी सूज येते, अल्सर होतो आणि काहींना कॅन्सर होतो. या शोधाला २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. एखादा जंतू सूज आणून कॅन्सरची वाट मोकळी करू शकतो, हे त्यातून सिद्ध झालं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाणी बाधून चार-आठ दिवस आव पडली, मुरडा आला आणि औषधानं बरं वाटलं, तर ती कॅन्सरची सुरुवात नव्हे. चिंता असते ती वर्षानुवर्षं टिकणाऱ्या सुजेची. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा असाच आजार. त्यात मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात आणि रक्त-आव मिसळलेले जुलाब महिनोन् महिने येत-जात राहतात. या रुग्णांना कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली की त्यांनी ठरावीक काळानं दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, असं डॉक्टर सांगतात. बरं वाटलं म्हणून मनानं गोळ्या बंद करणं त्यांना महागात पडतं. रक्त थांबलं तरी आतली सूज राहिलेली असू शकते.

संशय असलेले तीन जंतू

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एकच एक जंतू गुन्हेगार ठरलेला नाही. पण तिघांवर सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे.

पहिला फ्युसोबॅक्टेरियम. याचं मूळ घर तोंडात. हिरड्या सुजलेल्या, पू येत असलेल्या तोंडात तो जास्त आढळतो. २०१२ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांना आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत तो नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त सापडला. गाठीच्या पेशींना तो चिकटतो, त्यांची वाढ चेतवतो आणि शरीराच्या पहारेकरी पेशींना लांब ठेवतो. २०१७ मध्ये असंही दिसलं की कॅन्सर यकृतात पसरला तर हा जंतूही त्याच्याबरोबर तिथं गेलेला असू शकतो.

दुसरा ई. कोलाय. हा जंतू जवळपास प्रत्येकाच्या आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण त्याच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. ते पेशीच्या जनुकांवर थेट घाव घालतं. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या आतड्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या बारीक गोळ्यांना पाच महिने या जंतूचा संपर्क दिला. जनुकांत एक ठरावीक खूण उमटली. तीच खूण कॅन्सरच्या काही रुग्णांच्या गाठींतही सापडली. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

तिसरा बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस. याचीही विष सोडणारी एक जात आहे. ते विष अस्तरातल्या पेशींमधले सांधे सैल करतं आणि सूज भडकवतं. ज्या घराण्यांत आनुवंशिकतेनं आतड्यात शेकडो गाठी उगवतात, अशा काही रुग्णांच्या अस्तरावर हा जंतू आणि विषारी ई. कोलाय एकाच बुळबुळीत थरात सोबत राहताना २०१८ मध्ये आढळले.

नुसता जंतू की नुसती सूज?

याचं उत्तर २०१२ मधल्या उंदरांवरच्या एका प्रयोगानं बऱ्यापैकी दिलं. त्यासाठी आतड्याला सहज सूज येणारे उंदीर घेतले होते. काहींच्या आतड्यात विष करणारा ई. कोलाय सोडला, काहींच्या आतड्यात दुसरा जंतू. सूज दोन्हीकडं आली. पण कॅन्सरच्या गाठी मुख्यतः ई. कोलायवाल्या उंदरांना झाल्या. मग त्याच ई. कोलायमधली विष तयार करण्याची सोय काढून टाकली. सूज तेवढीच राहिली, गाठी मात्र कमी झाल्या.

म्हणजे सूज जमीन भुसभुशीत करते आणि विषारी जंतू त्यात बी टाकतो. दोन्ही जुळून आलं की पीक उगवतं. अंगात असा जंतू आहे म्हणजे कॅन्सर होणारच, असं मात्र नाही. तो असलेल्या बहुतेक लोकांना कॅन्सर होत नाही. वय, आनुवंशिकता, दारू, तंबाखू आणि खाणं यांचाही हिशोब धरावा लागतो.

तरुणांमध्ये का वाढतोय?

पूर्वी हा म्हाताऱ्यांचा आजार समजला जायचा. आता बऱ्याच देशांत पन्नाशीच्या आतल्या लोकांमध्ये तो वाढतो आहे. भारतात एकूण प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आहे. पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या रुग्णांच्या अभ्यासात सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं होतं. म्हणून ‘एवढ्या तरुण वयात कॅन्सर कसा असेल’ असं म्हणून रक्ताकडं काणाडोळा करता येत नाही.

२०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तरीच्या पुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये कोलिबॅक्टिनची खूण ३.३ पट जास्त आढळली. हा घाव बहुधा लहानपणी, वयाच्या पहिल्या दहा वर्षांत बसत असावा, असा त्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

चौदा दिवसांत फरक

खाण्यानं खरंच एवढा फरक पडतो का, हे पाहायला एक साधा प्रयोग झाला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या पिट्सबर्ग शहरातले २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले २० जण निवडले. अमेरिकेतल्या लोकांच्या खाण्यात मांस आणि चरबी जास्त, चोथा कमी. खेड्यातल्यांचं उलट. दोन आठवडे दोघांच्या ताटांची अदलाबदल केली.

चौदाच दिवसांत खेड्यातलं अन्न खाणाऱ्या अमेरिकनांच्या आतड्यातली सूज कमी झाली आणि ब्युटिरेट वाढलं. अमेरिकन जेवण खाणाऱ्या खेडुतांच्या आतड्यात सुजेच्या खुणा वाढल्या आणि ब्युटिरेट घटलं. दोन आठवड्यांत कुणाला कॅन्सर होत नाही आणि कुणाचा बराही होत नाही. पण ताट बदललं की जंतू आणि अस्तर किती लवकर बदलतं, ते यातून दिसलं.

त्या खेड्यातल्या लोकांवर जी पाळी प्रयोगापुरती आली, ती आपल्या गावांत कायमची येऊ लागली आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, अंबाडी-तांदुळजाची भाजी हे चोथ्याचं ताट होतं. त्याच्या जागी खारी-टोस्ट, बिस्किटं, फरसाण, मैद्याचे पदार्थ आणि बाटलीतलं गोड पाणी आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसानं रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं आणि २५ ग्रॅम चोथा खावा. त्यासाठी महागडा डबा घ्यावा लागत नाही. न चाळलेल्या पिठाची भाकरी, एक वाटी उसळ, पालेभाजी, पेरूसारखं फळ एवढ्यात बरंचसं भागतं.

दारू आणि धूम्रपान ही दोन्ही या कॅन्सरची सिद्ध कारणं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ मध्ये सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांसही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलं. मटणासारख्या लाल मांसाला ‘बहुधा कॅन्सरकारक’ या गटात ठेवलं. महिन्यातून एक-दोनदा केलेला रस्सा आणि रोजचं मांस यांत अर्थातच फरक आहे.

मूळव्याध की आणखी काही?

मूळव्याधीत बहुतेकदा संडासच्या शेवटी लालभडक रक्त थेंबथेंब पडतं. पण आतड्याच्या शेवटच्या भागातल्या कॅन्सरचं रक्तही लालच दिसू शकतं. नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. पुढचं काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवावं:

- दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ रक्त किंवा रक्तमिश्रित आव पडणं
- संडासची सवय बदलणं. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब
- संडासला जाऊन आलं तरी पोट साफ न झाल्यासारखं वाटणं
- कारण नसताना वजन उतरणं
- पुरुषांत, किंवा पाळी गेलेल्या बाईत, अंगातलं रक्त कमी होणं
- पोटात गोळा लागणं किंवा सारखं दुखणं

आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर लक्षण नसतानाही डॉक्टरांना विचारावं. नात्यातल्या रुग्णाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधी, किंवा वयाच्या चाळिशीत, यांतलं जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो.

तपासणी काय आणि कुठं?

पहिली तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटानं तपासतात. दोन मिनिटांचं काम. खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी यातच हाताला लागतात. ही तपासणी न करता नुसती गोळी लिहून दिली, तर रुग्णानं स्वतःहून विचारावं.

गरज पडली तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी होते. आदल्या दिवशी औषधानं पोट साफ करतात आणि बारीक कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघतात. कॅन्सर होण्याआधी अस्तरावर बहुतेकदा चामखिळीसारखा उंचवटा येतो. त्याला पॉलिप म्हणतात. तो दुर्बिणीतूनच काढता येतो. पॉलिप निघाला की त्यातून पुढं होणारा कॅन्सरही टळतो.

अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून सगळ्यांनाच ही तपासणी सुचवली जाते. आपल्याकडं सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, आतड्याची नाही. त्यामुळं लक्षण ओळखून स्वतः जाणं हाच मार्ग उरतो. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातून करावी. तिथून जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मिळते. कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमोथेरपी आणि शेक महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्यांना भेटावं.

हे करू नये

- जंतू मारायचे म्हणून मनानं अँटिबायोटिक घेऊ नये. त्यात चांगले जंतूही मरतात. या गोळ्यांनी आतड्याचा कॅन्सर टळतो असा पुरावा नाही.
- ‘चांगल्या जंतूंची’ पावडर कॅन्सर रोखते, या जाहिरातीला भुलू नये. ताक-दही जरूर घ्यावं, पण अन्न म्हणून.
- मिश्रीनं दात घासू नयेत. मिश्री म्हणजे तंबाखूच. हिरड्यांतून रक्त-पू येत असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवावं. दात घासल्यानं आतड्याचा कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही, पण हिरड्या निरोगी असण्यात तोटा काहीच नाही.
- तपासणी न करता क्षारसूत्र, इंजेक्शन किंवा जाळण्याचे उपचार घेऊ नयेत. आधी निदान, मग उपचार.

वेळ हाच सगळ्यात मोठा उपाय

अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार कॅन्सर आतड्यापुरताच असताना सापडला तर दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो लांबच्या अवयवांत पसरल्यावर हा आकडा दहापैकी दोघांपर्यंतही जात नाही. आजार तोच. फरक फक्त केव्हा सापडला याचा.

उशीर होण्याचं मोठं कारण लाज आहे. घरातली म्हातारी आई किंवा सून संडासच्या रक्ताबद्दल कुणाजवळ बोलत नाही. पुरुष पानटपरीवर सल्ला विचारतो, दवाखान्यात नाही. घरात कुणी सारखं थकलेलं दिसत असेल, जेवण कमी झालं असेल, संडासमध्ये जास्त वेळ लागत असेल, तर घरच्यांनीच हळूच विचारावं. आशाताईला सांगितलं तरी चालतं. मूळव्याध निघाली तर चांगलंच, तिच्यावरही नीट उपचार होतील. आणि दुसरं काही निघालं, तर ते वेळेत कळलेलं असेल.